बीबीए आयबी करू की नको? नाशिकच्या भावी निर्यातदारांसाठी स्पष्टच बोलतो



एप्रिल संपता संपता द्राक्षाचा सीझन उरकतो आणि माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान जरा निवांत होतं. नेमका त्याच सुमारास बारावीचा निकाल लागतो. मग बॉक्स आणि पनेट घ्यायला येणारी गिऱ्हाइकं मुलांना घेऊन येतात, सल्ला विचारायला. प्रश्न ठरलेला असतो: "पोराला बीबीए आयबीला टाकू का? म्हणजे पुढे एक्स्पोर्ट करता येईल."

मी स्वतः साधं बीबीए केलंय, आयबी नाही. पण आयबी केलेली मुलं माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून येतात, ट्रेनिंगला येतात, काही पॅकहाऊसमध्ये नोकरीला आहेत. त्यांना जवळून बघून माझं जे मत झालंय ते सांगतो. पटलं तर घ्या.

आधी नावांचा घोळ मिटवू. पुणे विद्यापीठात या कोर्सला पूर्वी बीएफटी म्हणायचे, म्हणजे बॅचलर ऑफ फॉरेन ट्रेड. मग तो बीबीएम आयबी झाला, आता बीबीए आयबी. काही खाजगी विद्यापीठं आणि परदेशी कॉलेजं 'इंटरनॅशनल मॅनेजमेंट' नावाने पदवी देतात. वरवर सगळं एकच वाटतं, पण रोख वेगळा असतो. फॉरेन ट्रेड म्हणजे माल सीमेपलीकडे कसा जातो आणि पैसे इकडे कसे येतात. इंटरनॅशनल मॅनेजमेंट म्हणजे चार देशांत ऑफिसं असलेली कंपनी कशी चालवायची: माणसं, संस्कृती, टॅक्स, धोरण. दुसरी पदवी मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्याच्या जास्त कामाची. तुम्हाला स्वतःची छोटी फर्म काढायची असेल तर पहिल्या बाजूचे विषय किती आहेत ते बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विमान आणि पृथ्वीचा गोल छापलाय म्हणून खूश होऊ नका, आत सिलॅबस उघडून बघा.

गेल्या वर्षी निफाडकडचे एक काका त्यांच्या मुलीला घेऊन आले होते. घरी द्राक्षबाग, भावाने बेदाण्याचं छोटं पॅकिंग सुरू केलेलं. मुलगी हुशार. तिने मला विचारलं, "दादा, तीन वर्षं आणि एवढी फी घालून मी जे शिकेन, ते यूट्यूबवर नाही का मिळणार?" काका गप्प बसले होते, कारण फी बागेच्या पैशातूनच जाणार होती आणि त्या वर्षी बागेचे पैसे पूर्ण हातात आलेले नव्हते.

तिला जे सांगितलं तेच आता तुम्हाला सविस्तर सांगतो. या पदवीतला जवळजवळ प्रत्येक विषय एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: माल वाटेत असताना काही बिघडलं, तर नुकसान कोणाचं? हा प्रश्न डोक्यात ठेवून तीन वर्षं वर्गात बसलात तर फी वसूल. नुसते मार्क मिळवायला बसलात तर यूट्यूब स्वस्त पडेल.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. धरून चाला की तुम्ही कांद्याचे छोटे निर्यातदार आहात आणि ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला दुबईच्या व्यापाऱ्याशी भाव ठरवलात. १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. एका कंटेनरमध्ये २८ टन माल आणि किलोला २५ रुपये धरले, तर शुल्क झालं किलोमागे १० रुपये. म्हणजे एका कंटेनरला २ लाख ८० हजार, जे तुमच्या हिशेबात नव्हतेच. लासलगावला लिलाव बंद पडले, आंदोलनं झाली, ते सगळं तुम्ही पाहिलंय. पण समोरचा व्यापारी म्हणणार, "भाव ठरलाय, माल पाठवा." आता काय?

पुढची गंमत बघा. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लागलं. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ ला ते २० टक्केही गेलं. वीस महिन्यांत इतक्या वेळा नियम फिरले. 'इंटरनॅशनल बिझनेस एन्व्हायर्नमेंट' नावाचा जो विषय मुलांना सगळ्यात रटाळ वाटतो ना, तो म्हणजे हा! पुस्तकात ब्राझील आणि जपानची उदाहरणं असतात आणि खरा धडा लासलगावच्या मार्केट यार्डात चालू असतो. करार करताना "सरकारी धोरण बदललं तर शुल्क कोण भरेल" ही एक ओळ लिहून घेतलेला माणूस आणि न घेतलेला माणूस, या दोघांची डिसेंबर २०२३ मधली झोप वेगवेगळी असते.

दुसरा विषय इनकोटर्म्स. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ठरवलेल्या अटी, सध्या २०२० ची आवृत्ती चालते, एकूण ११ अटी. मुलं त्या पाढ्यासारख्या पाठ करतात. एफओबी म्हणजे जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा. सीआयएफ म्हणजे पुढचं भाडं आणि विमाही विकणाऱ्याकडे. इथवर सगळ्यांना येतं. पण मी ट्रेनिंगमध्ये विचारतो, "सीआयएफमध्ये जहाज समुद्रात असताना माल खराब झाला, तर धोका कोणाचा?" दहातली आठ मुलं सांगतात, विकणाऱ्याचा. चूक. एफओबी असो की सीआयएफ, माल जहाजावर चढला की धोका खरेदीदाराकडे गेला. भाडं तुम्ही भरलंत म्हणून धोका तुमच्याकडे राहत नाही. (कंटेनरच्या मालाला खरं तर एफसीए आणि सीआयपी या अटी योग्य, पण आपल्या बाजारात सगळे एफओबी-सीआयएफच बोलतात.)

हे वाचून द्राक्षवाले हसतील. कारण द्राक्षाचा बराच माल पक्क्या भावाने जातच नाही, कन्साइनमेंटवर जातो. म्हणजे तिकडे पोहोचल्यावर, विकल्यावर जो भाव मिळेल तो, त्यातून कमिशन आणि खर्च वजा करून उरलेलं तुमचं. अशा व्यवहारात जहाजाला झालेला उशीर शेवटी तुमच्याच खिशातून जातो. नोव्हेंबर २०२३ नंतर लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला. २०२४ च्या सीझनला न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला जाणारं द्राक्ष साधारण दहा-पंधरा दिवस जास्त पाण्यावर राहिलं आणि भाडंही वाढलं. आता ५०० ग्रॅमच्या पनेटमधल्या द्राक्षाला हुती कोण आणि सुएझ काय ते माहीत नसतं, त्याची देठं सुकायची ती सुकतातच. माझ्या दुकानात त्या सीझनला ग्रेपगार्डच्या कागदांबद्दल जेवढे प्रश्न आले तेवढे आधी कधी आले नव्हते.

तिसरी गोष्ट क्वालिटीची. जुन्या माणसांना २०१० आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपल्या भाषेत सीसीसी. युरोपात त्याचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि आपले कंटेनर अडकले. वर्षानुवर्षं वापरात असलेलं औषध, निर्यातीआधीच्या तपासणीत ते पाहिलं जात नव्हतं आणि फटका बसला थेट बागाईतदाराला. आज अपेडाच्या ग्रेपनेटवर प्लॉटची नोंदणी, लॅबचा रिपोर्ट, पॅकहाऊस अशी सगळी साखळी आहे. ती कशी चालते हे कुठल्याही पदवीत एका तासात गुंडाळतात. पिंपळगाव-मोहाडी पट्ट्यातल्या पॅकहाऊसमध्ये जानेवारी ते मार्च उभे राहिलात तर ते अंगात भिनतं.

आणि पैसे! दिंडोरी-निफाडमध्ये व्यापारी माल उचलून पसार झाल्याच्या गोष्टी घरोघरी ऐकलेल्या असतात. तोच प्रकार परदेशात झाला तर पोलीस स्टेशन कुठलं? म्हणून लेटर ऑफ क्रेडिट, ॲडव्हान्स, ईसीजीसीचा विमा हे विषय जीव लावून शिका. एलसीबद्दल एकच सांगतो: बँक माल बघत नाही, कागद बघते. बिलावर एक नाव आणि एलसीवर त्याच नावाचं स्पेलिंग वेगळं, एवढ्यावर पेमेंट अडकतं. कागद सादर करायला माल रवाना झाल्यापासून साधारण २१ दिवस असतात आणि एलसीत त्याहून कमी लिहिलेले असू शकतात. कॉलेजात हा चॅप्टर परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. मी असतो तर सेमिस्टरभर हाच शिकवला असता.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना द्राक्ष ना कांदा, आम्ही घरून छोटा धंदा करणारे. मग येवल्याची पैठणी घ्या. टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रं सुरू केल्यापासून एक-एक पार्सल रीतसर निर्यात म्हणून पाठवता येतं, कंटेनर लागत नाही. अमेरिकेत ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलवर ड्यूटी लागत नव्हती, तोवर तिकडच्या मराठी ताईंना साडी पाठवणं सोपं होतं. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत गेली. त्याआधी चार दिवस आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं थांबवली, ती १५ ऑक्टोबरला परत सुरू झाली. नेमका दिवाळीच्या ऑर्डरींचा काळ! प्रश्न पुन्हा तोच: वाढलेली ड्यूटी ताई भरणार की तुम्ही? ऑर्डर घेतानाच हे लिहिलेलं हवं.

आता प्रवेशाचं थोडक्यात. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांना स्वतंत्र सीईटी लागू झाली. काही कॉलेजांनी त्यातून वाट काढायला कोर्सचं नाव बदलून बीकॉमच्या छत्राखाली आणलं. ते वाईटच असतं असं नाही, पण डिग्रीवर नेमकं काय छापून येणार ते लेखी विचारा. नवीन धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. कॉलेज बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: शिकवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः शिपिंग बिल भरलंय का, आणि इंटर्नशिप कुठे देता. "मुंबईला इंडस्ट्रियल व्हिजिट असते" हे उत्तर मी धरत नाही. बंदर बघून निर्यात येत नाही.

भाषेबद्दलही एक बोलतो. जर्मन, फ्रेंच शिका, छानच आहे. पण आपली मुलं जर्मनमध्ये स्वतःची ओळख करून देतात आणि इंग्रजीत "तुमचं पेमेंट दहा दिवस लेट आहे" हा चार ओळींचा मेल लिहायला घाबरतात. आधी तो मेल.

मग करावं की नाही? ज्याला मोठ्या कंपनीत जायचंय त्याने जरूर करावं, पुढे एमबीएही करावं. ज्याच्या घरी काहीच माल नाही, ओळख नाही आणि "एक्स्पोर्टमध्ये लई पैसा" एवढंच ऐकलंय, त्याने आधी एक सीझन कुठेतरी डॉक्युमेंटेशनला नोकरी करावी, मग ठरवावं. साधं बीकॉम आणि सोबत निर्यातीचा छोटा सर्टिफिकेट कोर्स, हाही कमीपणाचा मार्ग नाही. आणि ज्याच्या घरी एक पक्का माल आहे त्याला ही पदवी सगळ्यात जास्त फळते, कारण वर्गातली प्रत्येक गोष्ट संध्याकाळी घरी लावून बघता येते.

निफाडची ती मुलगी तिसऱ्या गटातली. तिला म्हटलं, ॲडमिशन घे, पण पहिल्या सेमिस्टरपासून भावाच्या बेदाण्याची फाईल तू सांभाळ. बेदाण्याचा एचएस कोड ०८०६२०, तिथून सुरुवात कर. आधी देशातच पुणे, इंदूर, सुरतला माल विक आणि पैसे वेळेवर वसूल करायला शिक. आयात-निर्यात कोड काढायला सरकारी फी ५०० रुपये, घरबसल्या डीजीएफटीच्या साइटवर होतो, त्यासाठी एजंटला हजारो मोजू नकोस. फक्त दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती अपडेट करावी लागते, नाही केली तर कोड निष्क्रिय होतो. काकांनी ते महिने कॅलेंडरवर तिथेच पेनाने गोल करून ठेवले.

पुढच्या व्हिडिओत एका एलसीचा नमुना घेऊन ओळीओळीने वाचणार आहोत. वही-पेन घेऊन बसा.