मलमातून थेट जनुकांपर्यंत

रात्री चेहऱ्याला लावायचं मलम, तेही जेमतेम मटाराच्या दाण्याएवढं. त्यातल्या ट्रेटिनॉइनच्या एका रेणूत अणू किती? अवघे ५०! आणि एवढासा हा रेणू पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांच्या कामात हात घालतो. इन्सुलिनला पेशीबाहेरच थांबून आत निरोप धाडावा लागतो. हा पडला तेलात विरघळणारा, त्यामुळे पेशीच्या स्निग्ध आवरणातून सरळ आत.

हा आहे तरी कोण? ‘अ’ जीवनसत्त्वापासून आपलं शरीरही जे बनवतं, तेच रेटिनॉइक आम्ल. क्रीममधलं रेटिनॉलसुद्धा त्वचेत दोन पायऱ्या चढून शेवटी हेच होतं.

आता केंद्रकात डोकावू. तिथे आरएआर आणि आरएक्सआर ही ग्राही प्रथिनं जोडीनं डीएनएवर ठरावीक जागी आधीच बसलेली असतात आणि शेजारचं जनुक दाबून ठेवतात. रेटिनॉइक आम्ल येऊन चिकटलं, की ग्राहीचा आकारच बदलतो. जनुकाला अडवणारी प्रथिनं सुटतात, मदत करणारी येतात. रिळावर घट्ट गुंडाळलेल्या दोऱ्यासारखा डीएनए तेवढ्यापुरता सैल होतो आणि जनुक वाचलं जाऊ लागतं. डीएनएचं एक अक्षरही बदलत नाही. बदलतं ते वाचन!

यातला आरएआर हा ग्राही सापडला १९८७ साली, फ्रान्समध्ये पिएर शाँबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स यांना, स्वतंत्रपणे. मुरुमांवर मलम मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून लावलं जात होतं. कसं काम करतं हे कळण्याआधीच ते काम करत होतं!

आणि सुरकुत्या? ऊन लागलं की त्वचेत एपी-१ हे प्रथिन चेतवलं जातं. ते कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, कापणाऱ्या एन्झाइमांची जनुकं जागी करतं. नवं कोलॅजेनही कमी बनतं. रेटिनॉइक आम्ल या एपी-१ला आवरतं. म्हणजे एकच रेणू काही जनुकांना उठवतो, तर काहींना गप्प करतो. १९९३ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात उन्हानं बिघडलेल्या त्वचेला १० ते १२ महिने ट्रेटिनॉइन लावल्यावर कोलॅजेनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढली. औषध नसलेल्या मलमानं ती १४ टक्क्यांनी घटली. २००७ मध्ये तर सरासरी ८७ वर्षं वयाच्या माणसांच्या दंडांवर रेटिनॉल लावलं गेलं, आणि २४ आठवड्यांत तिथल्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या. इतक्या वयातही त्या पेशी हाकेला ओ देतात!

त्याहून नवल म्हणजे, हे आम्ल स्वतःलाच मोडून टाकणाऱ्या एन्झाइमचं जनुकही चालू करतं. हा लगाम लागतोच, कारण रेणू साधासुधा नाही. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंवदा मोहंती-हेजमादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेपूट कापलेली बेडकाची पिल्लं ‘अ’ जीवनसत्त्वाच्या द्रावणात ठेवली. शेपटीच्या जागी चक्क पाय उगवले! १९९२ साली ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. आईच्या पोटात बाळाचे अवयव घडतात, तेव्हाही हाच रेणू कामाला असतो. म्हणून तर दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टर हे मलम बंद करायला सांगतात.