‘सीडॉ’च्या शिफारशी : गैरसमज आणि वस्तुस्थिती
स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार ‘सीडॉ’ या नावाने ओळखला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो १९७९ मध्ये संमत केला. भारताने त्यावर १९८० मध्ये सही केली, पण अनुसमर्थन दिले ते ९ जुलै १९९३ रोजी. करारातील प्रत्येक देशाला किमान दर चार वर्षांनी अहवाल द्यावा लागतो. सरकार आणि महिला संघटना आपापल्या शिफारशी तयार करतात त्या मुख्यतः याच निमित्ताने.

करारावर सही झाली की तो देशाचा कायदा बनतो, अशी समजूत आढळते. भारतात तसे होत नाही. करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार घटनेच्या कलम २५३ ने संसदेला दिला आहे; संसद तो वापरेपर्यंत करारातील तरतूद थेट लागू होत नाही. मग हे सारे कागदावरच राहते, असे म्हणणारेही चुकतात. राजस्थानातील एका साथिनीवरील (सरकारी महिला विकास कार्यक्रमाच्या गावपातळीवरील कार्यकर्तीवरील) सामूहिक बलात्कारानंतर दाखल झालेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सीडॉचाच आधार घेतला आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. संसदेचा कायदा त्यानंतर १६ वर्षांनी, २०१३ मध्ये आला.

अनुसमर्थन म्हणजे करार जसाच्या तसा मान्य, हेही खरे नाही. कोणत्याही समाजाच्या व्यक्तिगत बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याचे आपले धोरण भारताने अनुसमर्थनाच्या वेळीच नोंदवले. विवाहनोंदणी सक्तीची करणे तत्त्वतः मान्य, परंतु एवढ्या विशाल देशात ते व्यवहार्य नाही, असेही सांगितले. मुंबई राज्याने मात्र विवाहनोंदणीचा कायदा १९५३ मध्येच केला होता, तेव्हा ही सबब फारशी पटणारी नाही. सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये राज्यांना दिले.

स्त्री-हक्कांची ही सगळी भाषा पश्चिमेकडून आयात झाली, हा आरोप जुना आहे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातील ‘सर्व पुरुष’ हा शब्दप्रयोग बदलून ‘सर्व मानव’ असा करावा, यासाठी आग्रह धरणाऱ्या हंसा मेहता भारताच्या प्रतिनिधी होत्या. बाहेरून आलेल्या मागणीमुळे देशाला स्वतःकडे पाहावे लागले, असेही घडले आहे. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षापूर्वी संयुक्त राष्ट्रांनी सदस्य देशांकडे स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल मागितला होता. भारताच्या समितीने १९७४ च्या अखेरीस ‘टुवर्ड्‌स इक्वालिटी’ हा अहवाल सादर केला. त्यातील आकड्यांनुसार दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९०१ मध्ये ९७२ होती, ती १९७१ मध्ये ९३० वर आली होती. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांची स्थिती आपोआप सुधारत असल्याचा समज त्या अहवालाने मोडीत काढला.

संघटनांचा पर्यायी अहवाल म्हणजे परदेशात जाऊन देशाची तक्रार, असे काहींना वाटते. वास्तविक देशांचे अहवाल तपासणारी सीडॉ समिती अशी माहिती उघडपणे स्वीकारते. समितीत २३ तज्ज्ञ असतात. ते आपापल्या सरकारचे प्रतिनिधी नसतात आणि स्वतःच्या देशाच्या अहवालावरील चर्चेत भाग घेत नाहीत. न्यूयॉर्कला दरवर्षी भरणारा महिला स्थितीविषयक आयोग मात्र वेगळा. तो ४५ देशांच्या सरकारांचा असतो. १९९५ चा बीजिंग कृती आराखडा ही राजकीय बांधिलकी आहे, करार नव्हे. म्हणून या तिन्हींसाठी एकच मसुदा वापरून भागत नाही.

मागण्या जितक्या जास्त तितके निवेदन भक्कम, ही समजूतही टिकत नाही. ‘स्त्रियांचे सक्षमीकरण करावे’ या वाक्यावर सरकारला काहीच उत्तर द्यावे लागत नाही. कोणत्या कायद्यातील कोणते कलम, कोणते मंत्रालय आणि किती मुदत, हे लिहिले की टाळाटाळ अवघड होते. २०१४ मध्ये भारताच्या अहवालावर समितीने केलेल्या शिफारशींत वैवाहिक बलात्काराला असलेली कायद्यातील सूट काढण्याची शिफारस होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये, पत्नी १८ वर्षांहून लहान नसल्यास, ती सूट कायम आहे.