जुनी फायबरची होडी विकत घेताना

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, तापोळा व बामणोली या भागांत होडी हे नित्याचे वाहन आहे. सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या गावांना मात्र तिची आठवण बहुधा पुरातच होते. 2005, 2019 व 2021 या वर्षी या गावांनी महापूर अनुभवला. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्याच पुरात 8 ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी होडी उलटून 17 जणांचा अंत झाला. तेव्हा गावाने होडी बाळगणे जितके अगत्याचे, तितकेच ती भरवशाची असणेही अगत्याचे आहे.

नवी होडी परवडत नसल्यास वापरलेली घेण्यास हरकत नाही. मात्र ती पारखून घ्यावी. खरेदी उन्हाळ्यातच उरकावी. पाणी चढू लागल्यावर पारख होत नाही.

होडीची घडण

काचतंतूंच्या मॅटचे थर रेझिनने एकमेकांस चिकटवून ही होडी घडवितात. बाहेरच्या रंगीत, गुळगुळीत थरास जेलकोट म्हणतात. होडीचे बळ आतील थरांत असते, जेलकोटात नव्हे. म्हणून नव्या रंगाने झळकणारी जुनी होडी दिसल्यास अधिक सावध व्हावे. पुष्कळदा रंगाखाली डागडुजी लपलेली असते.

जमिनीवरील तपासणी

होडी पाण्याबाहेर काढून, धुऊन, कोरडी करून लाकडी ओंडक्यांवर ठेवावी. मागे उभे राहून तळाकडे डोळा लावून पाहावे. तळ कोठे खोलगट वा फुगीर दिसल्यास आतील आधाराचे वासे सुटल्याचा संशय घ्यावा.

जेलकोटावरील केसासारख्या बारीक रेषा पुष्कळदा उथळ असतात. परंतु एका बिंदूपासून चांदणीप्रमाणे फुटलेल्या रेषा मार बसल्याची खूण होय. अशा ठिकाणी आतील बाजू अवश्य पाहावी. तेथे थर पांढुरका पडला असेल किंवा तंतू उघडे दिसत असतील, तर इजा खोलवर गेली आहे असे समजावे. बराच काळ पाण्यात राहिलेल्या होडीच्या तळावर फोड येतात. फोड फोडल्यावर आंबूस वासाचे पाणी निघाल्यास ओल थरांत शिरली आहे, हे ओळखावे.

आवाजाची परीक्षा

मडके घेताना आपण ते वाजवून घेतो. तीच रीत येथे उपयोगी पडते. लहान लाकडी हातोडीने किंवा नाण्याने वीतवीत अंतरावर हलकेच ठोकत जावे. चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो; थर सुटलेल्या किंवा आतील लाकूड कुजलेल्या भागाचा बद्द येतो. वाशांच्या जागी आवाज स्वभावतःच बदलतो. म्हणून डाव्या बाजूच्या जागेची तुलना उजव्या बाजूच्या त्याच जागेशी करावी. संशयित जागेवर खडूने खूण करावी.

इंजिनाची भिंत

मागील ज्या सपाट भिंतीवर इंजिन अडकवितात, तिच्या आत बहुधा प्लायवूड असते. बोल्टच्या छिद्रांतून पाणी झिरपल्यास ते कुजते. इंजिन धरून बेताने मागेपुढे हलवावे. भिंत लवल्यास, बोल्टांभोवती भेगा असल्यास वा छिद्रांतून तपकिरी पाणी ओघळल्यास दुरुस्ती मोठी आहे, असे जाणावे. होडीच्या आतील फळीवर चालून पाहावे. पाय दबल्यास खालचे लाकूड कुजले असण्याचा संभव असतो.

पाण्यातील परीक्षा

प्रथम काठाजवळच्या संथ, उथळ पाण्यात होडी रिकामी ठेवून दोन तास वाट पाहावी आणि आत पाणी येते काय ते पाहावे. नंतर वाळूची पोती समतोल रचून भार द्यावा. प्रत्येक माणसास 75 किलो धरल्यास दहा माणसांसाठी 750 किलो, म्हणजे 50 किलोची पंधरा पोती लागतात. बनवणाऱ्याने ठरविलेली मर्यादा मात्र कधीही ओलांडू नये. मर्यादा लिहिलेली पाटी नसल्यास जाणकार तपासनिसाकडून ती ठरवून घ्यावी. भार दिल्यावर खुणेच्या जागा पुन्हा पाहाव्या. भेग रुंदावल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.

व्यवहार व कागदपत्रे

वरवरचे ओरखडे व जेलकोटाच्या उथळ भेगा यांची डागडुजी थोडक्यात होते. सुटलेले वासे, ओले थर व कुजलेली भिंत यांस मोठा खर्च येतो. कारागिराकडून त्याचा अंदाज घेऊन तो किमतीतून वजा करावा. इंजिनाच्या होडीसाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 अन्वये नोंदणी व तपासणीचे प्रमाणपत्र पाहावे.

ग्रामपंचायतीच्या वतीने खरेदी होत असल्यास तपासणीच्या वेळी गावातील दोन अनुभवी नावाडी सोबत घ्यावे. खूण केलेल्या जागांची यादी लिहून खरेदीच्या कागदांसोबत ठेवावी. दरवर्षी मृगापूर्वी त्याच जागा पुन्हा ठोकून पाहाव्या आणि जितकी मर्यादा तितकी लाइफ जॅकेटे होडीत ठेवावी. होडी कितीही मजबूत असली, तरी मर्यादेहून एकही माणूस अधिक घेऊ नये.