परकीय कंपन्या आणि हिशेब-प्रकटनाचे कायदे : वऱ्हाडातील कापूस व्यवसायाच्या संदर्भात

प्रस्तावना

वऱ्हाडातील कापूस व्यवहाराशी परकीय भांडवलाचा संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाची मागणी वाढली. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाडात आली. पुढे रॅली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स यांसारख्या युरोपीय पेढ्या येथील कापूस बाजारांत खरेदी करू लागल्या. २००२ नंतर परकीय भांडवलाचा संबंध सरकीच्या बियाण्याशीही आला. अशी कंपनी येथे किती कमावते व किती बाहेर नेते, हे अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याला कोणत्या कागदावरून कळू शकते, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. पेढीकडून कंपनीकडे

व्होल्कार्ट ब्रदर्सची स्थापना १८५१ मध्ये विंटरथूर व मुंबई येथे एकाच वेळी झाली. ती भागीदारी पेढी होती. भागीदारीचे हिशेब भागीदारांपुरते असतात. ते प्रसिद्ध करण्याचे बंधन नसते. त्यामुळे वऱ्हाडातील कापसावर अशा पेढीला किती नफा झाला, हे जाणण्याचा कायदेशीर मार्ग सर्वसामान्यांना नव्हता.

मर्यादित जबाबदारीच्या कंपनीची गोष्ट निराळी आहे. भागधारकांची जबाबदारी मर्यादित ठेवण्याची सवलत कायदा देतो आणि तिच्या मोबदल्यात हिशेब उघड करण्यास सांगतो. १९१३ च्या भारतीय कंपनी कायद्यातील कलम २७७, १९५६ च्या कायद्याचा अकरावा भाग आणि २०१३ च्या कायद्याचे बाविसावे प्रकरण (कलमे ३७९ ते ३९३) यांतून हेच तत्त्व परकीय कंपन्यांना लागू झाले.

२. 'परकीय कंपनी' म्हणजे कोणती?

२०१३ च्या कायद्यानुसार भारताबाहेर नोंदलेली, पण भारतात स्वतः अथवा एजंटामार्फत, प्रत्यक्ष वा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने व्यवसायाचे ठिकाण असलेली व येथे व्यवसाय करणारी कंपनी ही 'परकीय कंपनी' होय. भांडवल कोणाचे यापेक्षा नोंदणी कोठे झाली, ही येथील मुख्य कसोटी आहे.

अशा कंपनीने व्यवसायाचे ठिकाण स्थापन केल्यापासून ३० दिवसांच्या आत आपली घटना, संचालकांची यादी आणि तिच्या वतीने नोटीस स्वीकारणाऱ्या भारतातील व्यक्तीचे नाव कंपनी निबंधकाकडे द्यावे लागते. दरवर्षी ताळेबंद व नफा-तोटा पत्रक सादर करावे लागते. भारतातील व्यवसायाच्या हिशेबांची सनदी लेखापालाकडून तपासणी करून घ्यावी लागते. २०१४ च्या नियमांप्रमाणे संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, मायदेशी पाठविलेला नफा आणि निधीचे हस्तांतरण यांची विवरणेही जोडावी लागतात. कलम ३८२ नुसार कार्यालयाबाहेरील फलकावर कंपनीचे नाव व नोंदणीचा देश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेच्या लिपीतही लिहिणे बंधनकारक आहे. म्हणजे अकोल्यातील अशा कार्यालयावर देवनागरी फलक हवा. हिशेबाची कागदपत्रे मात्र नवी दिल्लीच्या निबंधकाकडे जातात.

३. उपकंपनी व संयुक्त कंपनी

तथापि अनेक परकीय उद्योग शाखेऐवजी भारतीय उपकंपनी किंवा संयुक्त कंपनी स्थापन करतात. त्यामागे करविषयक कारणही आहे. २०२४ च्या वित्त अधिनियमाने परकीय कंपनीच्या प्राप्तिकराचा मूळ दर ४० वरून ३५ टक्क्यांवर आणला. देशी कंपनीला मात्र काही सवलती सोडल्यास २२ टक्क्यांचा पर्याय २०१९ पासून खुला आहे.

भारतात नोंदलेली कंपनी, तिचे भाग परदेशी हाती असले तरी, कायद्याने भारतीयच ठरते. तिला बाविसावे प्रकरण लागू होत नाही. वर्षभरात किमान १८२ दिवस भारतात राहणारा एक तरी संचालक नेमणे, लेखापरीक्षण करून घेणे आणि संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार हिशेबात दाखविणे, ही बंधने तिच्यावर असतात. ती शेअर बाजारात नोंदलेली असेल तर बंधने वाढतात. २०१९ पासून एखाद्या संबंधित पक्षाला दिलेले स्वामित्वशुल्क एकत्रित उलाढालीच्या ५ टक्क्यांहून अधिक होत असल्यास भागधारकांची संमती लागते. शेअर बाजारात न नोंदलेल्या कंपनीला हा नियम लागू नाही.

४. बियाण्याच्या पाकिटातील शुल्क

हा भेद वऱ्हाडाने अनुभवला आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. हे तंत्रज्ञान देणारी महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही जालन्याची महिको व अमेरिकेची मोन्सॅन्टो यांची संयुक्त कंपनी होती. ती भारतात नोंदलेली होती, पण शेअर बाजारात नव्हती. बियाणे कंपन्या तिला गुणधर्म-शुल्क देत आणि ते पाकिटाच्या किमतीत मिळवीत. मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रातून, अनेकदा उधारीवर, पाकीट घेणारा शेतकरी हे शुल्क भरत होता. परंतु तो भागधारक नव्हता आणि धनकोही नव्हता. हिशेब-प्रकटनाचे कायदे मुख्यतः याच दोन वर्गांसाठी व शासनासाठी रचलेले आहेत.

म्हणूनच शुल्काचा वाद कंपनी कायद्याबाहेर लढविला गेला. २००६ मध्ये आंध्र प्रदेश शासनाने ४५० ग्रॅमच्या पाकिटामागील १,२५० रुपयांच्या शुल्काविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाणे किंमत निश्चितीचा कायदा केला. केंद्राच्या २०१५ च्या नियंत्रण आदेशानंतर २०१६ मध्ये बीजी-२ पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये व त्यातील शुल्क ४९ रुपये ठरले. २०२० मध्ये हे शुल्क शून्यावर आले.

५. मूळ देशाच्या कायद्याचा प्रभाव

परकीय मालक कंपनी आपल्या देशाच्या कायद्यालाही बांधील असते. अमेरिकेच्या २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सले कायद्याने मुख्य कार्यकारी व वित्त अधिकाऱ्यांना हिशेबांची ग्वाही स्वतःच्या सहीने देण्यास भाग पाडले. २०१६ मध्ये तणनाशकावरील सवलतींच्या हिशेबातील त्रुटींबद्दल मोन्सॅन्टोने अमेरिकेच्या रोखे आयोगाला ८ कोटी डॉलर दंड देण्याचे मान्य केले. या कारवाईतही कायद्याने रक्षिलेला पक्ष गुंतवणूकदार हाच होता.

समारोप

परकीय उद्योगाने निवडलेल्या स्वरूपावर त्याच्या प्रकटनाची व्याप्ती अवलंबून असते. शाखेला मायदेशी नेलेल्या नफ्याचे स्वतंत्र विवरण द्यावे लागते; संयुक्त वा उपकंपनीच्या बाबतीत तोच पैसा स्वामित्वशुल्क, लाभांश आणि संबंधित पक्षांच्या टिपणांत विखुरलेला असतो. कंपनी कायदा किंमत ठरवत नाही, परंतु किमतीविषयी प्रश्न विचारण्यासाठी लागणारा पुरावा तो उपलब्ध करतो. कलम ३९९ नुसार निबंधकाकडील कागदपत्रे शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि वऱ्हाडातील वाणिज्य महाविद्यालयांनी हा अधिकार वापरल्यास बियाण्याच्या पुढील किंमतवादात शेतकऱ्याची बाजू आकड्यांच्या आधारे मांडता येईल.