पाताळगंगेचं पाणी आणि पांढरी पाच

जुन्या मराठी गाण्याची चांगली प्रत मिळवावी आणि रात्री, घरातले पंखे बंद करून, हेडफोनवर ऐकावी. गाण्यापेक्षाही आधी ऐकायचा तो गाणं सुरू होण्यापूर्वीचा सेकंद-दीड सेकंदाचा कोरा भाग. तो कोरा नसतोच. वर टेपची खरखर असते आणि तिच्या तळाशी एक सपाट, न थांबणारा, घुमणारा स्वर असतो. ध्वनिमुद्रण करणारी माणसं त्याला ‘हम’ म्हणतात. गाणं सुरू झालं की तो झाकला जातो, पण नाहीसा होत नाही. तो शेवटपर्यंत गाण्याखाली वाहत राहतो.

तो विजेचा आवाज आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट वाहते. ट्रान्सफॉर्मर आणि तारा यांच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र त्याच तालात थरथरतं आणि मायक्रोफोनच्या केबलमध्ये, टेपच्या हेडमध्ये शिरतं. ॲम्प्लिफायरच्या पोटात वीज एकदिश करताना तिची दुप्पट, म्हणजे १०० कंपनांची लहर उरते. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर ९८ कंपनांवर पांढरी पाच येते आणि १०४च्या जरा अलीकडे काळी चार. म्हणजे आपली वीज पांढरी पाचच्या किंचित वर गाते. अमेरिकेत वीज ६० कंपनांची, म्हणून तिथल्या जुन्या गाण्यांखालचा स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध पडतो. गाणं ५० कंपनांच्या देशात मुद्रित झालं की ६०च्या, हे एकही शब्द न ऐकता सांगता येतं, आणि मला हे कळलं तेव्हापासून कुठलंही जुनं गाणं पूर्वीसारखं ऐकता आलेलं नाही.

मुंबईत मुद्रित झालेल्या गाण्यांपुरतं बोलायचं, तर हा स्वर कुठून आला याचा पत्ता आणखी जवळ आहे. त्याची सुरुवात खोपोलीला होते.

घाटाच्या माथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरवटा हे तलाव. तिथलं पाणी पाइपांतून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली सोडलं आहे. पायथ्याशी खोपोलीला टाटांचं पॉवर हाऊस. १९११च्या फेब्रुवारीत या योजनेची पायाभरणी झाली आणि १९१५मध्ये इथून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. जमशेटजी टाटांच्या डोक्यातली ही कल्पना, पण ते १९०४मध्येच गेले होते. पाणी जवळपास पाचशे मीटर खाली येतं. एवढ्या उंचीवरून आलेल्या पाण्याची धार तोटीतून सुटते तेव्हा तिचा वेग हिशोबाने ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास निघतो. ती धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरतं, त्याच्या आसावरचं जनित्र फिरतं, आणि काम झालेलं पाणी पाताळगंगा नदीत जातं. पुढे १९२२मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीला आणि १९२७मध्ये भिऱ्याला अशीच केंद्रं उभी राहिली. भिऱ्याच्या पाण्यासाठी मुळशी पेट्यातली गावं बुडाली, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह झाला; या विजेचं कौतुक करताना त्या गावांची आठवण ठेवायला हवी. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र १९५६मध्ये सुरू होईपर्यंत मुंबईच्या विजेचा फार मोठा भाग या तीन ठिकाणांहून यायचा.

आता त्या ५० या आकड्याकडे पाहा. तो कुठल्या कागदावरून तारेत येत नाही. तो चाकाच्या वेगातून येतो. जनित्रावर वीस चुंबकीय ध्रुव असतील आणि ते मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर बरोबर ५० कंपनं मिळतात. चाक मंदावलं की कंपनं उतरतात. मुंबईत संध्याकाळी दिवे लागले, गिरण्यांचे साचे चालू झाले, की जनित्रावर ओझं पडतं आणि चाक जरासं अडखळतं. मग गव्हर्नर नावाची यंत्रणा तोटी थोडी अधिक उघडते, जास्त पाणी सोडते आणि चाकाला पुन्हा वेगावर आणते. म्हणजे टेपवरचा तो घुमणारा स्वर म्हणजे एका फिरत्या चाकाचा आवाज आहे, सत्तर किलोमीटर तारेतून आलेला, आणि सह्याद्रीवर पडलेल्या पावसाने फिरवलेला.

जुन्या अल्बमची नवी, ‘रीमास्टर्ड’ आवृत्ती काढणाऱ्याला सर्वांत आधी हाच स्वर भेटतो. रीमास्टर करणं म्हणजे नव्याने गाऊन घेणं नाही, आणि वाद्यांचं प्रमाण बदलून मिश्रण नव्याने करणंही नाही, त्याला रीमिक्स म्हणतात. रीमास्टरमध्ये मूळ मिश्रणाची मास्टर टेप शोधायची, ती जास्तीत जास्त प्रामाणिकपणे वाजवायची, आकड्यांत उतरवायची आणि मग काळाने चढवलेली पुटं काढायची. यातली पहिली पायरीच अवघड असते. टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली लोहाच्या ऑक्साइडची पूड. काही टेपांमधला चिकट थर आपल्याकडच्या दमट हवेत पाणी शोषतो आणि बुळबुळीत होतो. तशीच वाजवली तर गाणं पट्टीवरून खरवडून हेडवर जमा होतं. अशा टेपा साधारण ५० अंश तापमानात तासन् तास मंद भाजतात. मग काही काळापुरत्या त्या वाजवण्याजोग्या होतात, आणि तेवढ्यात काम उरकायचं. हेडचा कोन मूळ मशीनच्या कोनाशी जुळवायचा, कारण तो अंशाच्या छोट्याशा भागाने चुकला तरी झांजेची चमक आणि ‘स’चा धारदारपणा जातो.

मग हमची पाळी. ५०, १००, १५० अशा जागांवर अरुंद गाळणी लावली की तो जातो. पण गाळणी जरा रुंद झाली तर काय होईल? काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्यात मंद्र पंचमाची तार सुमारे १०४ कंपनांची असते. हमपासून अवघी चार कंपनं दूर. डग्ग्याची घुमकही त्याच वस्तीत राहते. विजेला हाकलताना पंचम जखमी होऊ शकतो, डग्गा पोकळ होऊ शकतो. कित्येक ‘स्वच्छ’ केलेल्या जुन्या गाण्यांत आवाज हवेत तरंगतो आणि त्याच्या पायाखाली जमीन नसते, त्यामागे अशी घाईची सफाई असते असं मला वाटतं. बीटल्सचे अल्बम २००९मध्ये रीमास्टर होऊन आले, तेव्हा ॲबी रोड स्टुडिओतल्या मंडळींनी चार वर्षं काम केलं आणि एकूण ५२५ मिनिटांपैकी पाच मिनिटांपेक्षाही कमी भागावर खरखर काढण्याचं तंत्र वापरलं. जगातली सगळी साधनं हाताशी असताना त्यांनी हात आखडता घेतला, याचं मला फार अप्रूप आहे.

हम पुसण्याआधी त्याच्याकडून एक काम करून घेता येतं. टेप नेमकी कोणत्या वेगाने चालली होती, हे तो सांगतो.

वेगाची चूक किती महाग पडते ते न्यूयॉर्कमध्ये दिसलं. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा जॅझ अल्बम १९५९मध्ये मुद्रित झाला. पहिल्या दिवशी एक मशीन जरा हळू चालत होतं. मंद वेगाने मुद्रित केलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी किंचित चढ्या सुरात जगभर गेली. रेकॉर्ड ऐकत शिकणाऱ्यांना वाद्य वेगळं लावावं लागे. त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या मशीनची टेप वापरून ही चूक दुरुस्त झाली ती १९९०च्या दशकातल्या आवृत्त्यांत.

अशी दुसरी टेप नसेल तर हम साक्षीला येतो. तो मुद्रित होताना ५० होता असं धरलं आणि आता ५१ ऐकू येत असेल, तर टेप दोन टक्के जास्त वेगाने पळते आहे. ती ताणली गेली असेल, कुठे अडखळत असेल, तर संगणकाच्या पडद्यावर दिसणारी हमची रेघही तिथे तिथे वाकते आणि ती रेघ सरळ होईपर्यंत गाण्याचा वेग क्षणाक्षणाने सुधारता येतो. गायकाच्या स्वराला हात न लावता, फक्त विजेला सुरात आणून.

मात्र या साक्षीदाराची एक गंमत आहे, आणि मला ती सगळ्यात जास्त थक्क करते. टेप-मशीनच्या अनेक जुन्या पिढ्यांत टेप ओढणारी मोटर ‘सिंक्रोनस’ जातीची असे, म्हणजे विजेच्या कंपनांशी पाऊल जुळवून फिरणारी. जनित्र मंदावलं की स्टुडिओतली ही मोटरही त्याच प्रमाणात मंदावणार. समजा, गाणं चालू असताना वीज ५०वरून ४९वर उतरली. टेप दोन टक्के हळू चालली, तिच्यावर ४९चा हम उमटला. नंतर व्यवस्थित ५०वर वाजवली की गाणं चढलं, आणि हमही चढून बरोबर ५०वर जाऊन बसला! रेघ अगदी सरळ, आणि तरीही सूर जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर चुकलेला. स्टुडिओतलं मशीन आणि डोंगरापायथ्याचं चाक एकाच पावलाने चालत होतं, म्हणून दोघांनी एकमेकांची चूक झाकली. आपला वेग आपणच राखणाऱ्या सर्वो मोटरची मशीनं आल्यावर हे नातं तुटलं.

अशा वेळी कोण सांगणार? हार्मोनियम. तिच्या पितळी पत्त्या कारखान्यात कापून सुरात लावलेल्या असतात. स्टुडिओतली वीज हलली म्हणून पत्ती हलत नाही. गाण्यात पेटी, व्हायब्राफोन किंवा पियानो असेल आणि तो पट्टीच्या किंचित वर वाजत असेल, तर विजेवर संशय घ्यायला जागा आहे. अर्थात एकट्या पेटीवर विसंबता येत नाही, कारण जुन्या पेट्याही थोड्या चढ्या-उतऱ्या असतात. त्याच दिवशी त्याच वादकांनी मुद्रित केलेली दुसरी गाणी शेजारी ठेवून पाहावं लागतं.

त्याहून आधीच्या, ७८च्या तबकड्यांच्या काळात हा प्रश्न ध्वनिमुद्रकांनी निराळ्याच वाटेने सोडवला होता. मेणावर खाचा कोरणारी यंत्रं खाली उतरणाऱ्या वजनाच्या ओढीवर चालत, कारण वजन एकसारखं उतरतं. इकडे वजन पडतंय आणि सूर कोरला जातोय, तिकडे डोंगरावरून पाणी पडतंय आणि दिवे लागतायत. दोन्हीकडे गुरुत्वाकर्षणच राबत होतं.

टेपच्या काळात वीज किती ढळायची? एकेकाळी आपल्याकडे उन्हाळ्यात, मागणी वाढली की कंपनं ४९च्या खाली जाणं नवलाचं नव्हतं. आता ती ४९.९० ते ५०.०५ यांच्या आत ठेवायचा दंडक आहे. ग्रिडला जोडलेली सगळी जनित्रं एकाच तालात फिरतात, त्यातून कुणालाही सुटका नाही. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिडही उरलेल्या भारताशी एकरूप झाली. तेव्हापासून खोपोलीचं चाक आणि तमिळनाडूतलं जनित्र यांचा हम एकच आहे. या तालाचा बारीक चढउतार कधी हुबेहूब पुन्हा येत नाही. म्हणून लंडनचे पोलीस विजेच्या कंपनांची सतत नोंद ठेवतात आणि एखादं ध्वनिमुद्रण कधीचं, त्यात काटछाट झाली का, हे हमवरून ताडून पाहतात.

मराठीतले कितीतरी मोठे अल्बम अशा कामाच्या तोलाचे आहेत. शिवराज्याभिषेकाच्या तीनशेव्या वर्षी, १९७४मध्ये आलेला हृदयनाथ मंगेशकर आणि लता मंगेशकरांचा ‘शिवकल्याण राजा’ घ्या, किंवा हृदयनाथांनी शांता शेळक्यांच्या शब्दांवर बांधलेली आणि लता मंगेशकर, हेमंतकुमारांनी गायलेली कोळीगीतं घ्या. त्यातल्या ढोलाखाली आणि लाटांच्या आभासाखाली भरपूर मंद्र आहे. तिथे गाळणी किती हलक्या हाताने फिरवायची, हे ठरवणाऱ्याला आपला ढोल ओळखता आला पाहिजे. मुंबईतल्या चरणजित सिंगांनी १९८२मध्ये सिंथेसायझर आणि ताल-यंत्रांवर वाजवलेला दहा रागांचा अल्बम २०१०मध्ये एका डच संग्राहकाने पुन्हा काढला, तेव्हा जगाने तो कान टवकारून ऐकला. तोवर तो जवळजवळ विसरला गेला होता. आपल्या कपाटांत अजून काय काय पडलं असेल, या विचाराने मला अधीर व्हायला होतं.

आणखी एक आग्रह: आवाज फुगवू नये. १९९०च्या दशकापासून कित्येक नव्या आवृत्त्यांत हळू भाग वर ओढून सगळंच सारखं मोठं केलं गेलं. हळू आवाजात उच्चारलेला शब्द आणि तारसप्तकातली आरोळी यांतलं अंतर हे संगीतकाराने मोजून ठेवलेलं असतं.

हे सारं घरबसल्या डोळ्यांनी पाहता येतं. ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये जुन्या एलपीवरून उतरवलेलं गाणं उघडा आणि स्पेक्ट्रोग्राम लावा. ० ते २०० कंपनांचा पट्टा मोठा करून सुरुवातीच्या त्या कोऱ्या सेकंदाकडे बघा. ५० आणि १००वर आडव्या रेघा दिसतील. याच गाण्याची रीमास्टर्ड आवृत्ती शेजारी उघडलीत तर तिथे बहुधा अंधार असेल. आणि नशीब चांगलं असेल तर एलपीवरच्या १००च्या रेघेपाशी अगदी चिकटून दुसरी, किंचित थरथरती रेघ दिसेल. सरळ रेघ तुमच्या टर्नटेबलची, म्हणजे तुम्ही गाणं उतरवलंत त्या दिवशीच्या विजेची. थरथरती रेघ गाणं मुद्रित झालं त्या दुपारची.