मैफल कधी लांबते?

मैफल लांबली, असं आपण घड्याळ बघून म्हणतो. खरं तर घड्याळाचा त्यात फारसा हात नसतो. रात्रभर गाणं ऐकून पहाटे टवटवीत चेहऱ्यानं घरी परतणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तासाभराच्या कार्यक्रमात तीनदा चहाला उठणारीही पाहिली आहेत.

आपलं गाणं मुळातच सावकाश चालणारं. ख्यालात राग एकदम समोर मांडत नाहीत. एकेका स्वराचा हात धरून त्याची बढत करतात. किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ आणि पुढे इंदूरचे उस्ताद अमीर खाँ यांनी तर लय इतकी विलंबित केली, की झुमऱ्याच्या चौदा मात्रांचं एक आवर्तन पुरं व्हायला मिनिटाच्या आसपास वेळ लागावा. अशी तीस-चाळीस आवर्तनं झाली तरी राग आपला खालच्या स्वरांतच रमलेला. ज्याला सम सापडते त्याला हा वेळ जाणवत नाही. ज्याला सापडत नाही त्याचा रस्ता मात्र मैलाच्या दगडांवाचूनचा होतो. त्यानं खुशाल शेजाऱ्याच्या मानेकडे बघत बसावं. दहा-बारा आवर्तनांत आपलीही मान हलू लागते.

पण लांबी म्हणजे खोली नव्हे. जुन्या ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँसाहेब तेवढ्यात राग उभा करत. त्यांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा एक मुलगा १९३३ साली गाणं शिकण्यासाठी घरातून निघून गेला. ते पंडित भीमसेन जोशी. त्यांना गुरू लाभले तेही खाँसाहेबांचेच शिष्य, सवाई गंधर्व. या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ साली महोत्सव सुरू झाला आणि रात्र रात्र जागवणारा म्हणून गाजला. तीन मिनिटांच्या तबकडीला अशी रात्रभराची फळं आली!

खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे त्यांच्या नावानं गाणं होतं. अशा ठिकाणी श्रोता मांडी घालून बसतो, पेंग आली की भिंतीला टेकतो, जाग आली की पुन्हा ऐकू लागतो. त्याच्या झोपेनं कुणाचा अपमान होत नाही. खुर्चीवर बसून, पुढच्याच्या डोक्याआडून ऐकायच्या मैफलीला हे सुख नाही. तिथे झोपही चोरून घ्यावी लागते.

मग मैफल लांबते कशानं? माझ्या मते गाण्यानं क्वचित, बाकीच्या गोष्टींनीच फार. एका गावातली मैफल आठवते. सातची वेळ होती. दीपप्रज्वलन पावणेआठला झालं. मग चौदा जणांना नारळ-शाल, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचं भाषण. पाहुणे गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही असं सांगून त्यावर पंचवीस मिनिटं बोलले. पहिल्या तरुण गायकानं वेळ भरून काढली नाहीच, उलट टाळ्या पडल्या म्हणून आणखी एक नाट्यपद घेतलं. शेवटी ज्येष्ठ गायिका बसल्या तेव्हा साडेनऊ वाजत आले होते. तानपुरे लागले, मालकंसाचा षड्ज लागला, आणि व्यवस्थापकांची चिठ्ठी आली. बाईंनी ती वाचली, चष्म्याच्या घरात ठेवली आणि द्रुत बंदिश सुरू केली. विलंबित राहूनच गेला.

मोठ्यानं शेवटी गायचं, ही आपली रीत. मुशायऱ्यातही अध्यक्ष शेवटी वाचतो. (आम्हा कवींना तर कागद संपेपर्यंत माईक सोडवत नाही, ते असो.) या रीतीमुळे आधीच्या प्रत्येकाची उधळपट्टी शेवटच्याच्या खात्यावर पडते. पूर्वी रात्र मोकळी होती, तेव्हा हे कर्ज पहाटेपर्यंत फिटायचं. आता ते फिटत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००५चा निकाल यांमुळे उघड्या मैदानात रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते, एवढंच. रसिक हळहळतात, मीही हळहळतो. उत्तररात्रीचा दरबारी आणि पहाटेचा ललित आपापल्या वेळी मैदानात ऐकायला मिळणं संपलं. पण मैदानाशेजारच्या घरात आजारी माणूस असतो, सकाळच्या पाळीला जाणारा असतो. त्यानं आपल्या दरबारीसाठी का जागावं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

या नियमानं एक देणंही दिलंय. सत्रं दुपारी सुरू होऊ लागली, तेव्हा मुलतानी, मधुवंती, मारवा यांना त्यांची वेळ मिळाली. संध्याकाळी उशिरा सुरू होणाऱ्या मैफलींत हे राग उंबऱ्याबाहेरच राहायचे.

आणि भैरवी? ती सकाळची रागिणी, पण मैफल संपवण्याचा मान तिचा, म्हणून ती कोणत्याही प्रहरी चालते. आता ती दहाला दहा मिनिटं असताना सुरू होते. संयोजकांनी सत्कार मध्यंतरात उरकले, तर तिला निदान वीस मिनिटं मिळतील.