पगाराची तारीख आणि कार्डाची तारीख

महिन्याची सात तारीख उलटून गेलेली असते. चोपड्यातील एखादा माध्यमिक शिक्षक औषधाच्या दुकानात उभा राहून खिशातले क्रेडिट कार्ड पुढे करतो. दुकानदार ते यंत्राला लावतो आणि यंत्र नकार देते. पुन्हा लावतो, पुन्हा नकार येतो. दुकानदार ओळखीचा असल्यामुळे "राहू द्या गुरुजी, सवडीने द्या" असे म्हणून तो औषधे हातात ठेवतो. मागे उभ्या असलेल्या दोन पालकांनी मात्र ते दृश्य पाहिलेले असते. कार्ड का बंद झाले, हे गुरुजींना ठाऊक नसते. घरी गेल्यावर भ्रमणध्वनीवरील संदेश चाळता चाळता उलगडा होतो : मागच्या बिलाची तारीख पाच होती, पगार जमा झालेला नाही, भरणा राहून गेला. त्या बिलात आता विलंबशुल्क, व्याज आणि कर अशा तीन नव्या ओळी आल्या आहेत.

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शिक्षक व कारकून वर्गास तो अपरिचित वाटणार नाही. त्याकडे केवळ एका माणसाच्या विसराळूपणाचे फळ म्हणून पाहणे सोपे आहे, आणि बँका तसेच पाहतात. वस्तुतः येथे दोन दिनदर्शिकांची टक्कर आहे.

खानदेशात उधारीला नेहमीच स्वतःचे पंचांग होते. सालदाराचे वर्ष आखाजीला सुरू होई आणि आखाजीलाच संपे. शेतकऱ्याची किराण्याची उधारी कापूस विकला गेला म्हणजे चुकती होई. पाऊस लांबला, बोंडे उशिरा फुटली, तर दुकानदाराची वहीही तितकीच थांबे. ही व्यवस्था दयेवर चालत होती असे समजण्याचे कारण नाही. दुकानदार भावात आपले व्याज आधीच मिळवून ठेवीत असे आणि सावकाराने तर कित्येकांच्या जमिनी गिळल्या. परंतु देणेकऱ्याची मिळकत केव्हा हाती येते हे धनकोला ठाऊक असे, आणि ती का लांबली हे त्याला समोर बसून सांगता येत असे, एवढी गोष्ट खरी.

नोकरदारांसाठी हेच काम पगारदारांच्या पतपेढ्यांनी अधिक सभ्यपणे केले. जळगावची सरकारी नोकरांची पतपेढी, जिला सारा जिल्हा 'ग. स.' या दोन अक्षरांनी ओळखतो, किंवा धुळ्याची ग. स. बँक, यांच्या कर्जाचा हप्ता पगारातूनच कापला जातो. पगार लांबला म्हणजे हप्ताही लांबतो. सभासद पळून गेलेला नाही, कोषागारातून पैसे आलेले नाहीत, हे कापणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही.

क्रेडिट कार्डाने हा धागा तोडला. आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली कार्ड काढले तेव्हा ती मोठ्या शहरांतील मोठ्या पगारांची गोष्ट होती. तालुक्याच्या गावापर्यंत ती पोहोचण्यास पुढे दोन-तीन दशके लागली. जळगाव जिल्ह्यात याच काळात एक वेगळी घटना घडत होती. गावोगावच्या पतसंस्थांमध्ये ठेवी अडकून पडल्या. भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्य पतसंस्थेवर तर २०१५ साली अवसायक नेमण्याची पाळी आली. ज्यांच्या निवृत्तीची पुंजी त्यात बुडाली वा थिजली, त्यांचा शेजारच्या संस्थेवरील विश्वास उडाला आणि दूरच्या संस्थेवरील वाढला. दूरची बँक मोठी असते, म्हणून ती बुडत नाही, असा तो हिशेब होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. मात्र दूरच्या बँकेची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागते.

पगाराचे वास्तव काय आहे? अनुदानित शाळांचे वेतन शासनाच्या तरतुदीवर, वेतन पथकाच्या देयकांवर आणि 'शालार्थ' या संगणकीय प्रणालीवर अवलंबून असते. २०१८ च्या आरंभी ही प्रणालीच कोलमडली आणि देयके पुन्हा कागदावर करावी लागली. एसटीच्या कामगारांचे वेतन २०२० सालच्या दिवाळीच्या तोंडावर थकले होते, आणि वेतनाची अनियमितता हे पुढील वर्षीच्या दीर्घ संपामागील एक कारण होते. थोडक्यात, पहिल्या तारखेचा पगार ही या वर्गाची आशा असते, खात्री नव्हे. कार्डाच्या बिलाची तारीख मात्र अढळ. शासन वेतन उशिरा देते तेव्हा नोकराला त्या दिवसांचे व्याज देत नाही. नोकर बिल उशिरा भरतो तेव्हा त्याला ते भरावेच लागते. एकाच विलंबाचा सारा भार साखळीतील सर्वांत दुबळ्या कडीवर येऊन पडतो. लघुउद्योजकाच्या बाबतीत कायद्याने निराळा विचार केला आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे त्याचे पैसे ४५ दिवसांहून अधिक थकवणाऱ्या खरेदीदारास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. नगावच्या शिक्षकासाठी असा कायदा कोणी केलेला नाही.

आता व्याजाकडे वळू. अनेक कार्डांवर थकबाकीचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. 'साडेतीन' हा आकडा ऐकताना किरकोळ वाटतो. वर्षाचा तो ४२ होतो. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून एक लहान आकडा ठळक छापलेला असतो, आणि तेवढी रक्कम भरली की आपले कर्तव्य संपले, असे साध्या माणसास वाटते. समजा बिल २०,००० रुपयांचे आहे आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे १,००० रुपये, तेवढी भरली. उरलेल्या १९,००० वर साडेतीन टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज ६६५ रुपये, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर सुमारे १२० रुपये. पुढचे देणे जवळजवळ १९,७८५. हजार रुपये भरले आणि कर्ज हलले सव्वादोनशेच्या आत. यात खरेदीच्या दिवसापासून लागणारे व्याज धरलेलेच नाही. शिवाय एकदा थकबाकी राहिली की बिनव्याजी मुदतीची सवलत जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. ही गोष्ट बिलाच्या मागील बाजूस छापलेली असते. ती खोटी नाही, फक्त वाचण्याजोगी नाही.

या दराशी ताडून पाहण्यासारखी दुसरी मापे आपल्याच व्यवहारात आहेत. दामदुपटीचा नियम स्मृतिकाळापासून चालत आला : एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकारास बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. म्हणजे जळगावच्या पेठेतला परवानाधारक सावकार ज्या दराने कर्ज देईल तर गुन्हेगार ठरेल, त्याच्या दुपटीहून अधिक दराने बँक उजळ माथ्याने कर्ज देते. याचे कारण कायद्यातच आहे. बँकिंग नियमन अधिनियमात १९८४ साली '२१ अ' हे कलम घालण्यात आले, आणि व्याज अवाजवी आहे या कारणासाठी बँकेचा व्यवहार न्यायालयास पुन्हा उघडता येणार नाही असे ठरले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो निर्णय सोळा वर्षे लटकत राहिला आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. दर ठरवणे हे आयोगाचे काम नव्हे, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असेल. पण मग ते काम ज्या रिझर्व्ह बँकेचे आहे, तिनेही कमाल दर बांधून दिलेला नाही.

बँकांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. कार्डाचे कर्ज विनातारण असते. काही लोक ते बुडवतात, आणि काही जण पाच-पाच कार्डे घेऊन एकाचे देणे दुसऱ्याने भागवत राहतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु व्याजाच्या या उत्पन्नातून केवळ बुडीत कर्जेच भरून निघतात असे नाही. जो ग्राहक दरमहा पूर्ण बिल भरतो त्याला दीड महिन्यापर्यंत बिनव्याजी पैसा मिळतो, वर बक्षिसाचे गुण आणि विमानतळावरील विश्रांतिकक्षात फुकट फराळ. त्या फराळाच्या खर्चातील काही वाटा साक्री वा पारोळ्याच्या कारकुनाने भरलेल्या व्याजातून निघतो. गरिबाकडून श्रीमंताकडे जाणारी अशी सबसिडी कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

आणि तक्रार करावी तर कोठे? जळगावच्या शाखेत गेल्यास तेथील अधिकारी सौजन्याने सांगतात की कार्डाचा विभाग त्यांच्याकडे नाही. तो मुंबईस, चेन्नईस किंवा गुरुग्रामला असतो. दूरध्वनी केला की एक दाबा, दोन दाबा असा आदेश येतो, मग संगीत वाजते, आणि वीस मिनिटांनी जो आवाज येतो तो हिंदी किंवा इंग्रजीत आधी कार्डाचा क्रमांक, मग जन्मतारीख विचारतो. अहिराणी घरात आणि मराठी कचेरीत बोलणारा माणूस एरवी स्वतःची बाजू उत्तम मांडू शकतो. येथे तो अडखळतो आणि अपराध्यासारखा बोलू लागतो. दुसऱ्या वेळी आवाज वेगळा असतो आणि कथा पहिल्यापासून सांगावी लागते. वसुलीचा दूरध्वनी मात्र कधी चुकत नाही, आणि तो शाळेच्या वेळेतच येतो.

नियम नाहीत असे नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांविषयी जे निर्देश काढले ते पुष्कळ अंशी समंजस होते. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ उलटल्यावरच खाते थकीत म्हणून पतमाहिती कंपनीस कळवावे आणि दंड आकारावा. विलंबशुल्क संपूर्ण बिलावर नव्हे तर उरलेल्या रकमेवरच घ्यावे. देणे चुकते करून कार्ड बंद करण्याची विनंती आल्यास ती सात कामकाजाच्या दिवसांत पार पाडावी, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकास द्यावेत. वसुलीचे दूरध्वनी सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर करू नयेत, असेही त्याच वर्षी बजावण्यात आले. कार्ड रोखले वा निलंबित केले तर ते कारणासह ताबडतोब कळवावे, हेही या निर्देशांच्या चौकटीत आले. चोपड्याच्या गुरुजींना दुकानात जे कळले, ते त्यांना आधी कळायला हवे होते.

या संदर्भात एक जुनी हकीकत बोलकी आहे. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने देशातील सर्वांत मोठ्या खासगी बँकेस, एचडीएफसी बँकेस, नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. तिची संगणकीय यंत्रणा वारंवार बंद पडत होती. बँकेला लेखी आदेश मिळाला, कारण मिळाले, सुधारण्यास अवधी मिळाला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कार्डांवरील बंदी उठली. निलंबन कसे करावे याचा तो चांगला नमुना होता. नियामक बँकेला जी वागणूक देतो, ती बँकेने ग्राहकाला द्यावी, एवढीच अपेक्षा.

दाद मागण्याची दारेही उघडी आहेत, पण त्यांची पाटी खानदेशात फारशी कोणी वाचलेली नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवस उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी वकील लागत नाही, शुल्क लागत नाही. १२ नोव्हेंबर २०२१ पासून ही योजना एकत्रित झाली आणि कागदी तक्रारी चंदीगडला पाठवण्याची सोय झाली. चंदीगड हे नाव ऐकूनच पुष्कळांचे पाय मागे येतात. त्यांच्यासाठी जळगाव व धुळे येथील जिल्हा ग्राहक आयोग अधिक जवळचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. दूरध्वनीवरील बोलणे हवेत विरते, म्हणून पहिली तक्रार लेखीच हवी, हे शिक्षकांना आणि कारकुनांना तरी सांगावे लागू नये. आवक-जावक क्रमांकाचे महत्त्व त्यांच्याइतके कोणास ठाऊक?

पण मूळ टक्कर दोन तारखांची आहे आणि ती तक्रारीआधीच बऱ्याच अंशी टाळता येते. बिलाचे चक्र बदलून मागण्याची संधी त्याच निर्देशांनी कार्डधारकास दिली होती. पगार साधारणतः दहापर्यंत होत असेल, तर देय तारीख वीसच्या पुढे नेऊन घेता येते. ही गोष्ट कार्ड विकणारा तरुण कधी सांगत नाही. बहुधा त्यालाही ती कोणी सांगितलेली नसते.

शासनाच्या हातीही एक लहानसे काम आहे. वेतन ज्या महिन्यात लांबले, त्या महिन्यात वेतन पथकाने किंवा कार्यालयप्रमुखाने प्रत्येक मागणाऱ्यास तसा दाखला द्यावा : अमुक महिन्याचे वेतन अमुक तारखेस जमा झाले. असा कागद जोडून केलेला विलंबशुल्क परत करण्याचा अर्ज बँकेला सहजासहजी फेटाळता येणार नाही, आणि लोकपालापुढे किंवा ग्राहक आयोगापुढे तो पुरावा ठरेल. शिक्षक संघटनांनी वेतन वेळेवर होण्यासाठी आजवर असंख्य निवेदने दिली आहेत. त्यांत या एका ओळीची भर घालता येईल. त्यासाठी नवा कायदा नको की नवी तरतूद नको. शिक्का कार्यालयात आहे, आणि पगार कोणत्या दिवशी झाला याची नोंद त्याच दप्तरात आहे.